अर्वाचीन अमेरिकन डॉलर-नाणीं : संग्रहमूल्याची परीक्षा

गेल्या पावसाळ्यांत आमच्या परिचयाच्या एका संग्राहक गृहस्थांनीं अमेरिकन डॉलर-नाण्यांची एक पेटी आमच्यापुढें आणून ठेविली. पेटींत एकंदर ४२ नाणीं होतीं. त्यांपैकीं ११ नाणीं पारदर्शक कठीण डब्यांत मोहरबंद असून प्रत्येक डबीवर छापील चिठ्ठी होती. एक नाणें कापसांत गुंडाळून निराळें ठेविलें होतें. बाकीचीं ३० एका कागदी पाकिटांत सुटीं होतीं. ही पेटी त्यांस एका परदेशस्थ संग्राहकाकडून मोबदल्यांत मिळावयाची होती, व मोबदला म्हणून त्यांनीं आपल्या घराण्यांतील ६४ शिवराया द्यावयाच्या होत्या. त्या शिवरायांबरोबर एक मोडी चिठ्ठी आहे. त्या कोणत्या गांवाहून, कोणत्या येण्यापोटीं घरांत आल्या, हें तींत नमूद आहे. हा व्यवहार करावा कीं न करावा, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

प्रश्न एका गृहस्थाचा दिसला तरी तो आतां पुष्कळांचा झाला आहे. महाराष्ट्रांतील अनेक कुटुंबांतील मुलें अमेरिकेंत स्थायिक झाल्यापासून तिकडील नाणीं इकडील संग्रहांत येऊं लागलीं, आणि त्यांच्याबरोबर तिकडील बाजाराचीं मोजमापेंही आलीं. डबी, अंक, छापील चिठ्ठी आणि यादींतील किंमत हीं चार साधनें हातीं असलीं म्हणजे नाण्याची परीक्षा झाली, असा समज त्यामुळें पसरत आहे. हा समज कितपत साधार आहे हें पाहणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु होय.

प्रथम मूल्य या शब्दाचा अर्थ ठरविला पाहिजे. नाण्याला धातुमूल्य असतें. तें कांट्यावर कळतें. नाण्याला बाजारमूल्य असतें. तें त्या त्या दिवशीं गिऱ्हाईक किती देतो यावरून कळतें. तिसरें मूल्य आम्ही प्रमाणमूल्य म्हणतों. टांकसाळीचें काम, राज्याचें धोरण किंवा लोकांचा व्यवहार यांविषयीं जें नाणें स्वतःच्या अंगानें साक्ष देतें, त्याला प्रमाणमूल्य आहे. आमच्या मतें संग्रहमूल्य म्हणजे या तिसऱ्या मूल्यावर उभें राहिलेलें बाजारमूल्य होय. जें बाजारमूल्य केवळ डबीवर किंवा चिठ्ठीवर उभें आहे, तें आज कितीही मोठें असलें तरी त्यास संग्रहमूल्य म्हणतां येणार नाहीं.

(१) नाण्यांचा वृत्तान्त

अमेरिकेचा जुना डॉलर ९०० प्रति सहस्र शुद्धतेच्या चांदीचा, २६.७३ ग्रॅम वजनाचा व ३८.१ मिलिमीटर व्यासाचा होता. व्यवहारासाठीं तो सन १९३५ पर्यंत पाडला गेला. त्यानंतर डेन्व्हरच्या टांकसाळींत सन १९६५ मध्यें ‘१९६४’ या सनाचे ३,१६,०७६ चांदीचे डॉलर पाडण्यांत आले. परंतु ते बाहेर न सोडतां वितळविण्यांत आले. अर्वाचीन डॉलरांची गणना सन १९७१ पासून करणें सोयीचें आहे. कारण त्या वर्षीं तांबें व निकल यांच्या थरांचा पहिला डॉलर निघाला. त्याच्या दर्शनी बाजूस राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांचा मुखवटा असून मागील बाजूस चंद्रावर उतरणारा गरुड आहे. हें चित्र अपोलो ११ या यानाच्या बोधचिन्हावरून घेतलेलें आहे. दोन्ही बाजू फ्रँक गॅस्परो यांनीं कोरल्या. सामान्य नाण्याचें वजन २२.६८ ग्रॅम आहे. संग्राहकांसाठीं शेंकडा ४० चांदीचीं जीं निराळीं नाणीं काढलीं, त्यांचें वजन २४.५९ ग्रॅम आहे. ही मालिका सन १९७८ पर्यंत चालली. ‘१९७५’ या सनाचा डॉलर मात्र नाहीं. स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त ‘१७७६–१९७६’ असा जोडसन घातलेलीं नाणीं त्या जागीं आलीं.

सन १९७९ मध्यें स्त्रियांच्या मताधिकारासाठीं झगडलेल्या सुझान बी. अँथनी यांच्या मुखवट्याचा लहान डॉलर निघाला. व्यास २६.५ मिलिमीटर, वजन ८.१ ग्रॅम. रंगानें व आकारानें तो पाव डॉलरच्या नाण्याशीं इतका मिळता होता कीं, लोकांची पदोपदीं फसगत होऊं लागली. पहिल्या वर्षींच हीं नाणीं ७५ कोटींहून अधिक पाडलीं गेलीं. सन १९८१ मध्यें मालिका थांबली. सांठा संपत आल्यामुळें सन १९९९ मध्यें ती एकदां पुन्हा चालू झाली. सन २००० मध्यें सोनेरी रंगाचा डॉलर आला. त्याचा गाभा तांब्याचा असून वरचे थर मँगेनीजमिश्रित पितळेचे आहेत. सोन्याचा त्यांत अंशही नाहीं. त्यावर सकागाविया या शोशोनी जमातीच्या स्त्रीची, पाठीवर बालक घेतलेली मूर्ति असून ती ग्लेना गुडएकर यांनीं घडविली. पहिल्या वर्षींच हें नाणें १२० कोटींहून अधिक निघालें. सन २००७ पासून सन २०१६ पर्यंत दिवंगत राष्ट्राध्यक्षांची मालिका चालली व सन २०२० मध्यें तींत एकाची भर पडली. सन २००९ पासून सकागावियाच्या नाण्याची मागील बाजू दर वर्षीं बदलूं लागली. सन २०१८ पासून निरनिराळ्या राज्यांतील शोधांची मालिका सुरू झाली. ती पहिल्यापासून संग्राहकांसाठींच आहे.

या सर्व वृत्तान्तांतील मुख्य गोष्ट एकच आहे : लोकांनीं हीं नाणीं घेतलीं नाहींत. एक डॉलरची कागदी नोट चालू ठेवून त्याच किंमतीचें नाणें चालविण्याचा हा उद्योग होता. कॅनडानें सन १९८७ मध्यें डॉलरचें नाणें काढलें व सन १९८९ मध्यें नोट देणें बंद केलें. तेथें नाणें चाललें. अमेरिकेनें नोट ठेविली, आणि नाणीं तिजोरींत परत आलीं. डिसेंबर २०११ मध्यें व्यवहारासाठीं डॉलर-नाणीं पाडणें तेथील सरकारनें थांबविलें, तेव्हां मध्यवर्ती बँकेच्या तिजोऱ्यांत सुमारें १४० कोटी डॉलर-नाणीं पडून होतीं. पुढील सर्व विवेचनांत हा आंकडा वाचकांनीं दृष्टीसमोर ठेवावा.

(२) पहिली कसोटी : पाडलेल्या नाण्यांची संख्या

पूर्वपक्ष असा कीं, जें नाणें कमी पाडलें गेलें तें दुर्मिळ, व जें दुर्मिळ तें मोलाचें. या अनुमानांत हेतु व साध्य यांमध्यें दोन उपाधि शिरले आहेत. पाडलेली संख्या व उरलेली संख्या या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा पहिला. दुर्मिळता व मागणी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, हा दुसरा.

पहिल्याचें उदाहरण आपल्याच इतिहासांत सांपडतें. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस हिंदुस्थानांत नोटांच्या बदल्यांत रुपये मागणाऱ्यांची गर्दी झाली व सरकारच्या तिजोरींतील चांदी आटूं लागली. तेव्हां अमेरिकेनें एप्रिल १९१८ मध्यें पिटमन कायदा करून आपले चांदीचे डॉलर वितळविण्यास घेतले. असे २७,०२,३२,७२२ डॉलर वितळले. त्यांतील बहुतेक चांदी इंग्रज सरकारच्या द्वारें हिंदुस्थानाकडे आली व रुपयांत मिसळली. म्हणजे एखाद्या सनाचे किती डॉलर पाडले हें टांकसाळीच्या दप्तरांतून कळलें, तरी त्यांतील किती डॉलर म्हणून उरले व किती मुंबईच्या बाजारांत रुपये होऊन फिरले, हें त्या दप्तरांतून कळत नाहीं.

याच्या उलट प्रकारही झाला आहे. न्यू ऑर्लिन्स येथील टांकसाळीचा सन १९०३ चा डॉलर ४४,५०,००० इतका पाडलेला असूनही विसाव्या शतकाच्या मध्यास अत्यंत दुर्मिळ समजला जात असे. बहुतेक सर्व वितळले असावेत, अशी संग्राहकांची समजूत होती. सन १९६२ च्या अखेरीस फिलाडेल्फियाच्या टांकसाळीच्या तळघरांतील थैल्या बाहेर आल्या, आणि त्यांत हेच डॉलर पोत्यांनीं निघाले. ज्यांनीं तें नाणें मोठ्या किंमतीस घेतलें होतें, त्यांच्या संग्रहाचें मोल थोड्याच आठवड्यांत कोसळलें. नाणें तेंच होतें; फक्त न उघडलेली थैली उघडली गेली. अर्वाचीन डॉलरांच्या न उघडलेल्या थैल्या किती आहेत, हें वर सांगितलेंच आहे.

दुसरा उपाधि मागणीचा. सन १९९६ मध्यें अपंगांच्या क्रीडामहोत्सवानिमित्त काढलेल्या चांदीच्या स्मारक-डॉलराचीं साध्या ठशाचीं नाणीं अवघीं १४,४९७ खपलीं. त्या एक-दोन वर्षांत अटलांटा येथील महोत्सवाच्या नांवानें इतकीं निरनिराळीं नाणीं विक्रीस आलीं कीं, घेणारा कंटाळला. ही अल्पसंख्या वैराग्याची आहे, दुर्भिक्षाची नव्हे. तिला पुढें किंमत आली हें खरें. परंतु ती किंमत संपूर्ण मालिका जुळविणाऱ्यांच्या हौसेवर अवलंबून आहे. ‘१९७३’ या सनाचे आयझेनहॉवर डॉलर पाहा. फिलाडेल्फिया व डेन्व्हर येथें ते प्रत्येकीं सुमारें २० लक्ष पाडले गेले व व्यवहारांत न सोडतां संचांतूनच विकले गेले. व्यवहारांत आलेच नाहींत, या एका कारणास्तव कांहींजण त्यांस मौल्यवान मानतात. पण ज्यानें त्यानें ते जपूनच ठेविले, मग ते दुर्मिळ व्हावे कसे? जें सर्वांनीं सांभाळून ठेविलें, तें कालानें गाळलें जात नाहीं.

(३) दुसरी कसोटी : डबीवरील अंक

अमेरिकन बाजारांत नाण्याची स्थिति १ ते ७० या अंकांनीं दाखवितात. या अंकांचा उगम जाणून घेण्यासारखा आहे. विल्यम शेल्डन नामक संग्राहकानें सन १९४९ मध्यें अमेरिकेच्या जुन्या मोठ्या तांब्याच्या सेंटांवर ग्रंथ लिहिला, त्यांत ही पद्धति प्रथम आली. त्या वेळीं तो अंक म्हणजे किंमतीचा गुणक होता. अगदीं झिजलेल्या नाण्याची किंमत १ धरल्यास निर्दोष नाण्याची ७०, असा त्याचा अर्थ. म्हणजे एका विशिष्ट जातीच्या जुन्या नाण्यांचा त्या काळचा भाव सांगण्याचें तें साधन होतें. भाव बदलले, हिशेब जुळेनासा झाला, परंतु अंक राहिले; आणि सन १९८६ पासून नाणीं तपासून डबीबंद करणाऱ्या व्यापारी संस्थांनीं तेच अंक सर्व काळच्या सर्व नाण्यांस लाविले.

जुन्या नाण्याच्या बाबतींत या अंकाचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. ज्याचे व्यवहारांत हाल झाले अशा नाण्यांत चांगलें कोणतें, हें सांगण्यास कांहीं तरी माप लागतेंच. परंतु अर्वाचीन डॉलर यंत्रांतून निघून थेट डबींत जातो. त्याचा सर्व भेद ६९ व ७० या दोन अंकांत येऊन बसतो. पांच पट मोठें दाखविणाऱ्या भिंगाखालीं कोणताही दोष न दिसल्यास ७०, अत्यल्प दिसल्यास ६९. हा भेद डोळ्यांस दिसत नाहीं. पाहणारा बदलला तर अंक बदलतो, आणि तेंच नाणें डबी फोडून पुन्हा धाडल्यास निराळा अंक घेऊन परत येतें, हा तिकडील व्यापाऱ्यांचा नित्याचा अनुभव आहे. शिवाय ७० अंकाच्या नाण्यांची संख्या ठरलेली नाहीं. लोक जितकीं नाणीं तपासावयास धाडतील, तितकी ती वाढत जाणार. आज ज्या नाण्याचीं १०० डब्या आहेत, त्याच्या उद्यां १,००० झाल्या तर पहिल्या शंभर धन्यांनीं काय विकत घेतलें होतें?

कौटिल्यानें अर्थशास्त्रांत रूपदर्शक नांवाचा अधिकारी सांगितला आहे. नाणें व्यवहारास व कोशांत घेण्यास योग्य आहे कीं नाहीं, हें पाहणें त्याचें काम. आपल्याकडील सराफही झिजलेल्या रुपयावर बट्टा घेत असत. तो बट्टा कित्येकदां जाचक असे, तरी त्याच्या मुळाशीं असलेली वजनाची तूट कांट्यावर दाखवितां येत असे. ६९ व ७० यांमधील बट्टा कोणत्याही कांट्यावर दाखवितां येत नाहीं.

आणखी एक आक्षेप याहून महत्त्वाचा आहे. या पद्धतींत झीज म्हणजे केवळ दोष. परंतु जें नाणें चाललेंच नाहीं असा इतिहास सांगतो, त्या नाण्यावरील झीज हाच पुरावा होय. इक्वेडोर देशानें सन २००० मध्यें आपलें सुक्रे हें चलन सोडून अमेरिकन डॉलर स्वीकारला. सकागावियाचें जें नाणें अमेरिकेंत कोणी हातीं धरीना, तें तेथें बाजारहाटांत सर्रास फिरूं लागलें. असें एखादें काळवंडलेलें, गुळगुळीत झालेलें नाणें अंकांच्या शिडीवर तळाशीं बसेल. इतिहासाच्या अभ्यासकानें त्याला ७० अंकाच्या नाण्याच्या वर बसविलें पाहिजे.

(४) तिसरी कसोटी : छापील चिठ्ठी

कांहीं डब्यांवर ‘प्रथम ठोक’ अशा अर्थाचे शब्द असतात. वाचणाऱ्यास वाटतें कीं, नवीन ठशाखालून निघालेलें हें आरंभींचें नाणें असेल. वस्तुतः नाणें विक्रीस आल्यापासून ठराविक दिवसांच्या आंत, बहुधा ३० दिवसांत, तें डबीबंद करणाऱ्याकडे पोंचलें, एवढाच त्याचा अर्थ. कोणतें नाणें आधीं पडलें व कोणतें नंतर, याची नोंद टांकसाळ ठेवीत नाहीं. पोथीच्या शेवटीं लेखनकाल द्यावयाचा तेथें टपालाचा शिक्का दाखवावा, त्यांतला हा प्रकार झाला.

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. सन २००७ पासूनच्या राष्ट्राध्यक्षांच्या डॉलरांवर सन, टांकसाळीची खूण व बोधवचनें नाण्याच्या कडेवर कोरलेलीं असतात. नाणें प्रथम दोन्ही बाजूंनीं पडतें व मागाहून दुसऱ्या यंत्रांतून जातांना कडेवर अक्षरें उमटतात. त्या यंत्रांत नाणें उताणें पडतें कीं पालथें, याला कांहीं नियम नाहीं. म्हणून सुमारें अर्ध्या नाण्यांवरील कडेचीं अक्षरें दर्शनी बाजू वर धरली असतां सुलट दिसतात व अर्ध्यांवरील उलट. या दोन प्रकारांस पहिलें व दुसरें स्थान अशीं नांवें देऊन डब्यांच्या जोड्या विकण्यांत आल्या. हस्तलिखितांच्या अभ्यासकांस हें समजावून सांगण्याची गरज नाहीं. मूळ बदलल्यामुळें जो भेद पडतो तो पाठभेद. लेखनिकाच्या हाताच्या चाळ्यानें जो पडतो, त्याची नोंद संशोधक करीत नाहीं. येथें तर लेखनिकही नाहीं. सोंगटी उलटी पडली कीं सुलटी, एवढाच भेद आहे.

सन कडेवर ढकलण्याच्या या कल्पनेवरही आमचा आक्षेप आहे. नाण्याचा सन ही त्याची पहिली साक्ष. ‘देवावर आमचा विश्वास आहे’ या अर्थाचें वचन कडेवर गेल्याबद्दल तिकडे ओरड झाली, व सन २००९ पासून तें पुन्हा दर्शनी बाजूस आलें. सन मात्र कडेवरच राहिला. कड झिजली किंवा घांसली कीं नाणें बेसन झालें.

(५) खरे पाठभेद

आतां उत्तरपक्ष. अर्वाचीन डॉलरांत संग्रहमूल्य मुळींच नाहीं, असें आमचें म्हणणें नव्हे. तें कोठें आहे, हें पुढील उदाहरणांवरून दिसेल.

सन १९७२ च्या फिलाडेल्फियाच्या आयझेनहॉवर डॉलराच्या मागील बाजूचे तीन निरनिराळे ठसे आहेत. गरुडाच्या डोक्यावरील पृथ्वीच्या चित्रांत फ्लॉरिडाजवळील बेटांची मांडणी पाहिली म्हणजे ते ओळखतां येतात. टांकसाळ उठाव कमी-अधिक करून पाहात होती, त्या धडपडीची ही खूण आहे; त्यांतील दुसरा प्रकार विरळा. सन १९७९ च्या फिलाडेल्फियाच्या अँथनी डॉलरांत सामान्य नाण्याची किनार अरुंद असून सन तिच्यापासून दूर आहे. दुसऱ्या, विरळ प्रकारांत किनार रुंद असून सन तिला जवळजवळ भिडला आहे. येथें मूळ सांचाच बदलला. म्हणून हा खरा पाठभेद. दोन्ही ठिकाणीं नुसत्या डोळ्यांनीं किंवा साध्या भिंगानें निर्णय होतो. चिठ्ठी लागत नाहीं.

सन २००० मध्यें सकागावियाच्या डॉलराची जाहिरात म्हणून ५,५०० नाणीं चीरिओज नांवाच्या न्याहारीच्या पदार्थाच्या खोक्यांतून वांटण्यांत आलीं. सन २००५ मध्यें असें लक्षांत आलें कीं, त्यांतील नाण्यांवर गरुडाच्या शेपटीचीं पिसें नेहमींच्या नाण्याहून अधिक स्पष्ट रेषांनीं कोरलेलीं आहेत. म्हणजे मागाहून टाकून दिलेल्या पहिल्या ठशाचीं तीं नाणीं होत. येथें बाह्य पुरावा म्हणजे खोक्यांतील मूळ वेष्टन, व अंतर्गत पुरावा म्हणजे पिसें. वेष्टन आहे पण पिसें सामान्य आहेत, असें नाणें आलें तर पिसांवर विश्वास ठेवावा. वेष्टन हरवलें पण पिसें आहेत, तर तें नाणें प्रमाणच आहे.

सर्वांत थोर उदाहरण त्याच वर्षाचें. फिलाडेल्फियाच्या टांकसाळींत सोनेरी डॉलराच्या चकतीवर एका बाजूस पाव डॉलरचा वॉशिंग्टनचा ठसा व दुसऱ्या बाजूस डॉलराचा गरुड असे ठोकले गेले. पहिलें नाणें मे २००० मध्यें सांपडलें. आजवर ज्ञात असलेलीं दोन डझनांहून कमी आहेत. एका नाण्यावर पाव डॉलर व एक डॉलर अशा दोन किंमती आहेत. आणि त्या काळच्या पाव डॉलराचा सन मागील बाजूस व सकागावियाचा दर्शनी बाजूस असल्यामुळें या संकरावर सनच नाहीं. दोन पोथ्यांचीं पानें एका दोऱ्यांत ओंवलीं जावींत तसें हें झालें आहे. यंत्रशाळेची शिस्त कोठें ढळली, हें हें नाणें स्वतः सांगतें. म्हणूनच तें मोलाचें.

सन २००७ चें कडेवर अक्षरें नसलेलें वॉशिंग्टनचें नाणें या दोहोंच्या मध्यें येतें. एकंदर सुमारें ३४ कोटी नाण्यांपैकीं कांहीं नाणीं कडेच्या यंत्रांतून न जातांच थैल्यांत भरलीं गेलीं. प्रमाद खरा आहे. परंतु अशीं नाणीं हजारोंनीं निघालीं. आरंभीं ज्यांनीं शेंकडों डॉलर मोजले, त्यांस कांहीं आठवड्यांतच भाव उतरलेला दिसला. शिवाय या प्रमादाचें अनुकरण कानशीनें होतें. म्हणून येथें कांटा व मोजपट्टी हींच साधनें : अस्सल नाण्याचें वजन ८.१ ग्रॅम व व्यास २६.५ मिलिमीटर भरलाच पाहिजे.

(६) निर्णय

या कसोट्या आम्हीं त्या पेटीस लाविल्या. मोहरबंद ११ नाण्यांपैकीं ८ राष्ट्राध्यक्षांचीं, सॅन फ्रान्सिस्को येथें झिलईदार ठशांनीं काढलेलीं, ६९ व ७० अंकांचीं होतीं. २ उलट-सुलट कडेची जोडी. १ ‘प्रथम ठोक’ अशा चिठ्ठीचें, एक औंस शुद्ध चांदीचें नाणें. मोबदल्याच्या यादींत सर्वांत मोठे आंकडे यांच्यापुढेंच मांडलेले होते. या अकरांत चांदीच्या नाण्याला धातुमूल्य आहे. बाकीच्या दहांना डबीबाहेर काढल्यास सांगण्यासारखें कांहीं उरत नाहीं. कापसांतील नाणें बिनअक्षरी कडेचें वॉशिंग्टन निघालें. तें सोनाराच्या कांट्यावर घातलें तों ७.८८ ग्रॅम भरलें, व्यास २६.२ मिलिमीटर, आणि भिंगाखालीं कडेवर कानशीचे आडवे ओरखडे स्पष्ट दिसले. देणाऱ्या गृहस्थांनीं फसविण्याच्या बुद्धीनें तें पाठविलें असें आम्हांस वाटत नाहीं. तेच आधीं फसले असावेत.

राहिलें तीस नाण्यांचें पाकीट. यादींत त्यापुढें ‘किरकोळ’ असा शब्द होता. त्यांत ४ आयझेनहॉवर निघाले. पैकीं एकाच्या कडेवर तांब्याची रेघ दिसेना, म्हणून तें तोललें, तों तें शेंकडा ४० चांदीचें ठरलें. ७ अँथनींपैकीं एक रुंद किनारीचें होतें. १९ सकागावियांत एक अगदीं झिजलेलें नाणें निराळ्या कागदांत गुंडाळलेलें असून त्यावर पेन्सिलीनें ‘क्विटो, २००६’ असें लिहिलें होतें. ज्यानें कोणीं तो कागद लिहिला, त्याला नाण्याचें मर्म कळलें होतें. यांतील कोणतेंही नाणें धनाढ्य करणारें नाहीं. परंतु तिन्हींजवळ सांगण्यास कांहीं तरी आहे, आणि नेमकीं तींच यादींत किरकोळ ठरलीं होतीं.

येथें कोणी म्हणेल कीं, बाजार जें देतो तीच किंमत. शिवराईचा बाजार लहान, डबीचा मोठा. मग डबी घेऊन विकण्यांत तोटा काय? विकण्यासाठींच घ्यावयाचें असेल तर आमचें कांहीं म्हणणें नाहीं. तो व्यापार आहे, व व्यापाराचे नियम व्यापाऱ्यांस ठाऊक आहेत. डबीबंद करणाऱ्या संस्था नाणें अस्सल आहे अशी जी हमी देतात, तिचाही उपयोग आम्ही मान्य करितों. तें कानशीचें नाणें अशा संस्थेपुढें टिकलें नसतें. आमचा वाद एवढाच कीं, अस्सलपणाची हमी निराळी व मोलाची हमी निराळी. पहिली घेऊन दुसरी मिळाली असें मानणारा संग्राहक पुढें आपल्या घरच्या वस्तूंसही तींच मापें लावूं लागतो. आज शिवराई डबींत जाईल व तिला अंक मिळेल. मग चांगला अंक मिळावा म्हणून ती घांसली जाईल. आणि तिच्याबरोबरची मोडी चिठ्ठी डबींत मावत नाहीं म्हणून बाजूस पडेल. पोथ्यांचीं चित्रित पानें सुटीं विकलीं जाऊन लेखनकालाचीं शेवटचीं पानें रद्दींत गेल्याचीं उदाहरणें आमच्या वाचकांनीं पाहिलेलीं आहेत. नाण्यांच्या बाबतींत तेंच होऊं पाहात आहे.

म्हणून त्या गृहस्थांस आम्हीं असें सांगितलें कीं, पेटी परत करावी. तीस नाण्यांचें पाकीट दर्शनी किंमतीहून थोडें अधिक देऊन मिळत असेल तर रोखीनें घ्यावें, व पेन्सिलीचा तो कागद नाण्यापासून दूर करूं नये. नाणें हातीं येतांच तोलावें, व्यास मोजावा, कड पाहावी, सन व टांकसाळीची खूण टिपून घ्यावी, तें कोठून आलें हें लिहून ठेवावें, आणि मगच यादींतील किंमत वाचावी. हा क्रम उलटा झाला कीं परीक्षा संपली.

त्या ६४ शिवराया आपल्या चिठ्ठीसह होत्या त्याच ठिकाणीं आहेत. चिठ्ठीचें वाचन आम्हीं पुरें केलें असून त्यांतील गांवाचें नांव व येण्याचा तपशील धन्याच्या अनुमतीनें पुढें केव्हां तरी वाचकांपुढें ठेवूं.